'ईनिड' वाचायचं कसं? अन्वय आणि लघु-गुरू येत असेल तर अर्धं काम झालंय

लॅटिन महाकाव्य म्हटलं की आपल्याकडे साधारण दोन रिअ‍ॅक्शन येतात, एक "बापरे" आणि दुसरी "ते लाकडी घोड्यावालं ना, पिक्चर पाहिलाय मी". आता गंमत बघा, तो लाकडी घोडा होमरच्या इलियडमध्ये नाहीच, इलियड त्याच्या आधीच संपतं, आणि ओडिसीत तो थोडक्यात येऊन जातो. घोडा आत घेऊ नका म्हणून ओरडणारा पुजारी लाओकून, समुद्रातून येऊन त्याला आणि त्याच्या दोन पोरांना विळखा घालणारे साप, नंतर गाढ झोपलेल्या ट्रॉय शहरात लागलेली आग, ही जी सविस्तर गोष्ट जगभर फिरली ती रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गातली. आणि ती सांगतोय कोण, तर हरलेल्या बाजूचा माणूस, ट्रॉयचा ईनिअस, या काव्याचा हिरो. मला विचाराल तर अख्ख्या काव्याची किल्ली इथंच आहे. ईनिड म्हणजे रोमच्या मोठेपणाचं काव्य असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खोटं नाही, पण त्यातल्या सगळ्यात भारी ओळी हरलेल्यांच्या वाट्याला आल्यात, आणि हे एकदा लक्षात आलं की मग वाचताना मजा यायला लागते.

आधी जरा बॅकग्राउंड, फार नाही. व्हर्जिल इ.स.पू. ७० मध्ये उत्तर इटलीत मँटुआजवळ जन्मला. तो पंचविशीत असताना सीझरचा खून झाला (इ.स.पू. ४४) आणि मग रोमन लोक रोमन लोकांशीच लढत बसले. इ.स.पू. ४२ च्या फिलिपायच्या लढाईनंतर जिंकलेल्या सैनिकांना बक्षीस म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी काढून वाटल्या, त्यात मँटुआचा भागही सापडला, त्यामुळे घरदार सोडून निघालेला माणूस व्हर्जिलच्या पहिल्या कवितांपासूनच दिसतो. शेवटी इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या समुद्री लढाईत ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्राला हरवलं, चार वर्षांनी त्याला ऑगस्टस ही पदवी मिळाली, आणि देशाला बऱ्याच वर्षांनी शांतता मिळाली. पण एका माणसाच्या हातात सगळी सत्ता देऊन मिळालेली शांतता. या वातावरणात हे काव्य लिहिलं गेलंय. ऑगस्टस हा सीझरचा दत्तक मुलगा, आणि सीझरचं घराणं स्वतःला ट्रॉयच्या ईनिअसचा वंशज म्हणवायचं, ईनिअसची आई व्हीनस म्हणजे साक्षात देवी, तेव्हा ईनिअसला हिरो केला की राजाचं कूळ आपोआप देवापर्यंत जातं. आपल्याकडच्या सूर्यवंशी-चंद्रवंशी वंशावळी ज्यांनी वाचल्यात त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी आपल्या लोकांना पटकन कळते आणि इंग्रजीतून वाचणाऱ्यांना समजावून सांगावी लागते. संस्कृतात आपण आर्ष महाकाव्य आणि विदग्ध महाकाव्य असा फरक करतो ना, म्हणजे रामायण-महाभारत एकीकडे आणि कालिदासाचं रघुवंश दुसरीकडे, तसंच इथं आहे. होमर हा तोंडी परंपरेतून आलेला, त्यात ठरलेले शब्दसमूह पुन्हा पुन्हा येतात, गोष्ट पुढे धावते. ईनिड हे एका माणसानं बसून, खोडून, परत लिहून केलेलं काम आहे. जुन्या चरित्रात असं दिलंय की त्यानं आधी सगळी गोष्ट गद्यात लिहून १२ भागांत पाडली आणि मग मनाला येईल तो भाग घेऊन त्याचं काव्य करत बसला. ११ वर्षं लागली आणि ओळी झाल्या ९,८९६. हिशोब केला तर दिवसाला सरासरी अडीच ओळी पडतात. तेव्हा जो कवी दिवसाला अडीच ओळी लिहितो त्याला आपण तासाला ४०० ओळींच्या स्पीडनं वाचून "बोअर आहे" म्हणणं हा अन्याय आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ट्रॉय जळतं, ईनिअस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर आणि पोराचं बोट हातात धरून निघतो, बायको क्रेऊसा मागं राहते आणि गर्दीत हरवते. सात वर्षं समुद्रात भटकंती, जूनो देवी पहिल्यापासून खार खाऊन. वादळात फुटून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेजला लागतात, तिथं राणी डायडो. तिथून देवांच्या हुकमानं निघायचं, पाताळात जाऊन मेलेल्या बापाला भेटायचं, इटलीत उतरायचं, आणि उरलेले सहा सर्ग तिथल्या टर्नस नावाच्या तरुण सरदाराशी लढाई. पहिली सहा पुस्तकं ओडिसीसारखी, पुढची सहा इलियडसारखी, असं सगळे सांगतात आणि ते ढोबळमानानं बरोबर आहे.

आता मूळ लॅटिनकडे येऊ, कारण लोक घाबरतात ते इथं. सुरुवात अशी आहे: "आर्मा विरुमक्वे कानो, त्रोयाय क्वी प्रीमुस अब ओरीस / इतालियाम फातो प्रोफुगुस लाविनियाक्वे वेनित / लितोरा". शब्द जिथं-तिथं विखुरलेत, इंग्रजीवाल्याला वाटतं की हे कोडं आहे. पण ज्यानं दहावीपर्यंत संस्कृत केलंय त्याला काय करायचं ते माहितीये, क्रियापद पकडा, कर्ता-कर्म शोधा, विशेषण कुणाचं आहे ते विभक्तीवरून जुळवा, म्हणजे सरळ सरळ अन्वय लावा. कानो म्हणजे मी गातो. काय गातो, तर आर्मा, शस्त्रं, आणि विरुम, माणूस. हा विरुम म्हणजे आपल्या वीरम् चा सख्खा चुलतभाऊ, द्वितीया विभक्तीसकट, आणि त्याला मागून चिकटलेलं क्वे म्हणजे आपला च, तोही तसाच शब्दाच्या मागं येतो. पुढे क्वी, जो, म्हणजे त्या माणसाबद्दलचं वाक्य सुरू झालं, जो नशिबानं परागंदा होऊन ट्रॉयच्या किनाऱ्यावरून पहिल्यांदा इटलीला आणि लव्हिनियमच्या किनाऱ्याला आला. "लाविनिया" हे विशेषण आणि "लितोरा" हे त्याचं नाम यांच्यामध्ये "आला" हे क्रियापद घुसवलंय, आणि नाम पुढच्या ओळीत ढकललंय. म्हणजे ऐकणाऱ्याला किनारा लगेच मिळत नाही, आधी प्रवास करावा लागतो. अशा जागा दर पानावर आहेत आणि भाषांतरात त्या जवळजवळ सगळ्या जातात, बिचाऱ्या भाषांतरकाराचा दोष नाही, इंग्रजीत शब्दांची जागा हलवली की अर्थच बदलतो.

छंदाचं तर आपल्याला वरदानच आहे. लॅटिनचा छंद इंग्रजीसारखा आघातावर चालत नाही, लघु-गुरूवर चालतो, आणि नियमही ओळखीचे, दीर्घ स्वर असेल तर गुरू, ऱ्हस्व असून पुढे जोडाक्षर आलं तरी गुरू. एका ओळीत सहा गण. मूळ गण म्हणजे गुरू-लघु-लघु, य-मा-ता-रा-ज-भा-न-स पाठ असेल तर हा आपला भ गण, दुसरं काही नाही. फरक इतकाच की त्यातल्या दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, म्हणजे हिशोब मात्रावृत्तासारखा, प्रत्येक गणात चार मात्रा. पाचवा गण बहुतेक वेळा भ गणच ठेवतात आणि सहाव्यात दोनच अक्षरं, शेवटचं अक्षर आपल्यासारखंच गुरू धरायचं. मोठ्यानं म्हणून बघा: आर्-म-वि, रुम्-क्वे-क, नो-त्रोय, याय-क्वी, प्री-मु-स, बो-रीस. एक भानगड आहे ती आधीच सांगतो, लॅटिनमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, कानडीसारखे, आणि देवनागरीत ते लिहायची सोय नाही, त्यामुळे वरच्या क्वे ला आपण सवयीनं गुरू करून टाकतो, तो लघु आहे. मराठीतून लॅटिन लिहून घेणाऱ्यांनी अशा अक्षरांवर पेन्सिलनं खूण करावी.

छंद का शिकायचा तर कवी त्याच्याशी खेळतो म्हणून. आठव्या सर्गात घोडेस्वार धावतात ती ओळ: क्वाद्-रु-पे, दान्-ते-पु, त्रेम्-सो-नि, तू-क्व-ति, तुंग्-गु-ल, काम्-पुम. अर्थ साधारण असा की चौखूर टापांच्या आवाजानं भुसभुशीत मैदान हादरतंय. पाचच्या पाच भ गण, नुसत्या टापा. आणि त्याच सर्गात सायक्लोप्स राक्षस ऐरणीवर घण उचलतात तेव्हा: इल्-लिन्, तेर्-से, से-मुल्, ता-वी, ब्राक्-कि-अ, तोल्-लुन्त. पहिले चार गण सगळे गुरू-गुरू, घण काही लवकर वर जात नाही. हे समजायला लॅटिन येण्याचीसुद्धा गरज नाही हो, तोंडानं म्हटलं की कळतं.

आता डायडो, कारण ईनिड वाचलेल्या कुणालाही विचारा, आठवते ती डायडोच. आणि इथं रोमन वाचकाच्या डोक्यात काय होतं ते धरून वाचायला पाहिजे. कार्थेज म्हणजे रोमचा हाडवैरी, तीन युद्धं झाली, हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून आला, शेवटी इ.स.पू. १४६ मध्ये रोमनी ते शहर जमीनदोस्त केलं. अशा शत्रूच्या राणीला व्हर्जिल काय देतो, तर सगळ्यात सुंदर सर्ग. ती विधवा आहे, भावानं नवऱ्याचा खून केला म्हणून माणसं घेऊन पळून आलीये, स्वतःच्या हिमतीवर शहर बांधतीये, ईनिअससारखीच निर्वासित, फक्त त्याच्या एक पाऊल पुढे. दोघं एकत्र येतात, अफवा पसरते (ती अफवा म्हणजे अंगावर जितकी पिसं तितके डोळे, तितक्या जिभा आणि तितके कान असलेली राक्षसीण, व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन हजार वर्षं आधी), मग देवांचा राजा ज्युपिटर याचा निरोप येतो की निघा. आणि ईनिअस तिला न सांगता गुपचूप जहाजं तयार करायला लावतो. तिला कळतंच. ती भांडते, विनवते, आणि मध्येच म्हणते की निदान तुझ्यासारखा तोंडावळा असलेला एखादा छोटा ईनिअस माझ्या अंगणात खेळत असता तरी मी अशी पुरती टाकलेली वाटले नसते. एवढ्या मोठ्या राणीच्या तोंडी हे. त्यावर ईनिअसचं उत्तर वकिलासारखं आहे, मी लग्नाचं वचन दिलंच नव्हतं वगैरे, अगदी राग येतो त्याचा, आणि शेवटी तो म्हणतो "इतालियाम नोन स्पोन्ते सेक्वोर", मी इटलीला काही माझ्या मर्जीनं जात नाहीये. आणि ती ओळ तिथंच संपते, अर्धीच, छंद पूर्ण न होता.

अशा अर्धवट ओळी काव्यात पन्नासहून जास्त आहेत. कारण काव्य पूर्ण झालंच नाही. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल अजून तीन वर्षं देऊन सगळं घासूनपुसून घ्यायचं म्हणून ग्रीसला गेला, तिथं ऑगस्टस भेटला, परतीच्या वाटेवर आजारी पडला आणि ब्रुंडिसियम बंदरात मेला. त्यानं सांगून ठेवलं होतं की मी मेलो तर हे जाळा. ऑगस्टसनं ते जाळू दिलं नाही, वॅरियस आणि टुक्का या कवीच्या दोन मित्रांना सांगितलं की जसं आहे तसं बाहेर काढा, भर घालू नका. जुनं चरित्र म्हणतं की लिहिताना ओघ थांबू नये म्हणून तो मध्ये तात्पुरते टेकू लावून पुढे जायचा, नंतर पक्के खांब बसवू म्हणून. बहुतेक अर्ध्या ओळी तसल्याच असणार. पण डायडोसमोरची ती अर्धी ओळ टेकू आहे की मुद्दाम, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि माझं मत विचाराल तर सुरुवातीला टेकू असेलही, पण परत वाचताना त्याला स्वतःलाच पुढे काही लिहिवलं नसेल.

डायडो जीव देते, मरताना शाप देते की माझ्या हाडांतून कोणीतरी सूड घेणारा उठो, रोमन वाचकाला लगेच हॅनिबल दिसतो. पण हिशोब पुरा होतो तो सहाव्या सर्गात. पाताळात ईनिअसला अंधारात ती दिसते, ढगांतून चंद्रकोर दिसल्यासारखी, दिसली की नाही याचीही खात्री नाही. हा रडतो, शपथा घेतो, मी माझ्या मर्जीनं गेलो नव्हतो म्हणून परत सांगतो. ती जमिनीकडे बघत उभी, एक शब्द बोलत नाही, आणि वळून आपल्या पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. चौथ्या सर्गात पानंच्या पानं बोललेली बाई इथं गप्प. रोमच्या मूळपुरुषाला हरलेली राणी उत्तरही देत नाही, आणि हे राजाच्या कौतुकासाठीच्या म्हणे काव्यात.

त्याच सर्गात बाप अँकायसीज त्याला भविष्यातल्या रोमन लोकांची रांग दाखवतो आणि रोमचं काम सांगतो: शरण आलेल्यांना सोडा, माजलेल्यांना चिरडा. रांगेच्या शेवटी मार्सेलस, ऑगस्टसचा भाचा, जो इ.स.पू. २३ मध्ये तरुणपणीच गेला होता. व्हर्जिलनं हा भाग राजासमोर वाचून दाखवला तेव्हा मार्सेलसची आई ऑक्टेव्हिया बेशुद्ध पडली असं सांगतात.

आपला उल्लेख आहे का, हा प्रश्न येतोच, तर आहे. सहाव्या सर्गात ऑगस्टस भारतीयांच्याही पलीकडे राज्य नेईल असं भविष्य आहे, आठव्यात ईनिअसच्या ढालीवर अ‍ॅक्टियमची लढाई कोरलीये त्यात इजिप्शियन, अरब यांच्याबरोबर भारतीयही पाठ दाखवून पळताना दिसतात, पूर्वेकडचं सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय. तिसरी जागा मला जास्त आवडते. बाराव्या सर्गात राजकन्या लव्हिनिया लाजते, तेव्हा तिच्या चेहऱ्याला उपमा दिलीये ती लाल रंग चढवलेल्या भारतीय हस्तिदंताची. जिच्यासाठी सहा सर्ग लढाई चाललीये ती मुलगी अख्ख्या काव्यात एक वाक्यही बोलत नाही, फक्त लाल होते.

आणि आता शेवट, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं आहेत. पॅलस नावाच्या पोराला त्याच्या बापानं ईनिअसच्या हाताखाली दिलेलं असतं, त्याला टर्नसनं मारून त्याचा पट्टा काढून घेतलेला असतो. शेवटच्या द्वंद्वात टर्नस जखमी होऊन खाली पडतो, हात पसरून म्हणतो तू जिंकलास, लव्हिनिया तुझी, आता द्वेष पुढे नेऊ नको, माझ्या म्हाताऱ्या बापाचा विचार कर. ईनिअस थांबतो, तलवार धरलेला हात आवरतो, पाघळायला लागलाय, आणि तेवढ्यात त्याला टर्नसच्या खांद्यावर तो पट्टा दिसतो. रागानं पेटून तलवार छातीत. टर्नसचा जीव कण्हत, रुसून, सावल्यांमध्ये निघून जातो, आणि काव्य संपलं. राज्याभिषेक नाही, लग्न नाही, काही नाही. शरण आलेल्यांना सोडा हे बापाचं सांगणं कुठं गेलं? काही लोक म्हणतात पॅलसच्या बापाला दिलेला शब्द पाळला, ते कर्तव्यच होतं. काही म्हणतात की कवीनं इथं साम्राज्याचा खरा चेहरा दाखवला, विशेषतः १९६० च्या दशकापासून अमेरिकेत हे वाचन जोरात आलं. मला दोन्हीपैकी एक निवडायची घाई करू नये असं वाटतं, कारण त्याच्या जरा आधी देवांमध्ये जी तडजोड होते ती लोक विसरतात. जूनो माघार घेते ती अटीवर, ट्रोजनांनी आपलं नाव, भाषा आणि पोशाख सोडायचा, लोक लॅटिनच राहतील. ज्युपिटर हसत मान्य करतो. म्हणजे जिंकलेली बाजूसुद्धा ट्रॉय कायमचं हरूनच जिंकते, आणि ईनिअसला हा सौदा कुणी सांगतही नाही.

हे सगळं ऐकून हे काव्य फक्त पंडितांचं असेल असं वाटलं तर तसं नाहीये. इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर "आर्मा विरुमक्वे कानो" पोरांनी की रिकामटेकड्यांनी खरडलेलं सापडलंय. एका घराच्या दर्शनी भिंतीवर बापाला खांद्यावर घेतलेल्या ईनिअसचं चित्र होतं, तिथं कुणीतरी लिहून गेलंय, मी गातो कपडे धुणारे आणि घुबड, शस्त्रं आणि माणूस नव्हे. छंद सांभाळून. म्हणजे विडंबन समजण्याइतकी ती ओळ गल्लीत पाठ होती. ब्रिटनमधल्या विंडोलँडाच्या रोमन छावणीतही एका लाकडी पातळ पाटीवर नवव्या सर्गातली ओळ गिरवलेली मिळाली.

आता सुरू कुठून करायचं. फक्त इंग्रजीतून वाचणार असाल तर रॉबर्ट फॅगल्सचं भाषांतर (२००६) वेगानं पुढे जातं, सेरा रूडनचं (२००८) जास्त आटोपशीर आहे आणि मूळच्या ओळींच्या संख्येशी प्रामाणिक आहे, ड्रायडनचं (१६९७) यमकातलं आहे, ते ड्रायडन आवडत असेल तरच. लॅटिन बघत वाचायचं असेल तर लोएबची लाल पुस्तकं, एका पानावर मूळ आणि समोर इंग्रजी, किंवा पर्सियस नावाची टफ्ट्स विद्यापीठाची मोफत साइट, तिथं शब्दावर क्लिक केलं की विभक्ती-वचन सांगते. रोज २० ओळी, आधी दोनदा मोठ्यानं, मग अन्वय, मग भाषांतराशी ताडून बघायचं, आणि भाषांतर आधी उघडायचं नाही. पहिल्या सर्गापासून सुरू करायची सक्ती नाही, दुसरा, चौथा, सहावा असं घ्या, ऑगस्टसला वाचून दाखवायला खुद्द व्हर्जिलनं हेच तीन निवडले होते असं जुनं चरित्र सांगतं. मग बारावा. बहुतेक लोक सहाव्यानंतर सोडून देतात कारण पुढे नुसती लढाई आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, सातव्यात कंटाळा आला तर खुशाल नवव्यावर उडी मारा, निसस आणि युरियलस या दोन मित्रांची रात्रीची मोहीम तिथं आहे, ती एका बैठकीत होते.